पूल बारा दिवसांत, मोरी दोन वर्षांत

मागच्या अंकात पूर ओसरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांत एकच सल आहे: एवढा वेळ का लागतो? मी एकतीस वर्षं पुलांच्या कामांवर होते, त्यातली शेवटची नऊ फक्त आपत्तीनंतरच्या दुरुस्त्यांवर. त्यामुळे हा प्रश्न मला साइटवर, तुटलेल्या रस्त्याच्या कडेला उभं असताना, कितीतरी वेळा विचारला गेला आहे. या वेळी पाच पत्रांना उत्तरं देते. पहिल्याला जरा जास्त जागा लागेल.

प्रश्न : अमेरिकेत महामार्गाचा कोसळलेला पूल बारा दिवसांत सुरू झाल्याचं वाचलं. आमच्या रस्त्यावरची मोरी पुरात वाहून गेली, त्याला दोन वर्षं होत आली. मुलं ओढ्यात उतरून शाळेत येतात. सरकारने मनात आणलं तर काम होतं, हे तर दिसतंच आहे. मग आमच्या बाबतीत ते मनात का येत नाही? (एक शिक्षिका)

बाई, तुमच्या पत्रातलं ओढ्यात उतरणाऱ्या मुलांचं वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

आधी ते बारा दिवस नीट पाहू. 11 जून 2023 रोजी फिलाडेल्फियात पेट्रोल नेणारा टँकर पुलाखाली उलटून पेटला. आगीच्या धगीने वरचा महामार्ग खाली आला. टँकरचा चालक दगावला. 23 जूनला त्याच जागेवरून गाड्या धावू लागल्या. पण या बारा दिवसांत पूल बांधला गेला नव्हता. पडलेला सांगाडा उचलून ती पोकळी भरावाने भरली आणि भरावावर रस्ता केला. भरावाला टाकाऊ काचेपासून बनवलेली, वजनाला अगदी हलकी खडी वापरली. एका कंत्राटदाराचं काम त्याच महामार्गावर जवळच चालू होतं, त्याची माणसं आणि यंत्रं तिकडे वळवली. शेवटी पाऊस आडवा आला, तेव्हा मोटारशर्यतीच्या मैदानावरचं, गरम झोताने ट्रॅक सुकवणारं यंत्र आणलं. चोवीस तास चाललेलं हे काम कॅमेऱ्यावर कोणालाही बघता येत होतं. कायमचा पूल नंतर, वाहतूक चालू ठेवून, टप्प्याटप्प्याने बांधला.

लोकांना आज पूल हवा आहे की पलीकडे जायला वाट हवी आहे, हा प्रश्न तिथे कोणीतरी पहिल्या दिवसांतच विचारला आणि त्याचं उत्तर द्यायचा अधिकारही त्या माणसाकडे होता. तुमच्या ओढ्यावर सिमेंटच्या पाइपांच्या दोन-तीन ओळी टाकून, वर भराव करून, मुलांना चालायला वाट आठवड्याभरात करता आली असती. ती पुढच्या मोठ्या पुरात टिकेलच असं नाही, म्हणून तिच्यासोबत कायमच्या कामाची तारीखही ठरवावी लागते, नाहीतर तात्पुरतं तेच कायमचं होऊन बसतं. पण वाट तर झाली असती.

मग वेळ जातो कुठे? माझ्याच अनुभवातलं सांगते. नोकरीच्या सहाव्या वर्षी पुरात एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, गेलेला पूल माझ्याकडे आला. प्रत्यक्ष काम बावीस दिवसांचं. ते सुरू व्हायला चार महिने लागले, कारण पुलाचे मूळ नकाशे सापडेनात. पाया किती खोल गेलाय, खडकावर बसलाय की गाळात, खांबात सळई किती, कशाचाच पत्ता नाही. नकाशे नाहीत म्हणून संकल्पन, म्हणजे दुरुस्तीचा आराखडा, अडलं, संकल्पन नाही म्हणून अंदाजपत्रक अडलं, आणि अंदाजानेच केलेलं अंदाजपत्रक दोनदा त्रुटी काढून परत आलं. मी टेप घेऊन उरलेले खांब मोजत होते आणि नावेतून ये-जा करणारी माणसं मला विचारत होती, बाई, अजून मोजताय? शेवटी कोणीतरी म्हणालं, जुन्या ट्रेसरना, म्हणजे नकाशांच्या प्रती काढणाऱ्यांना, विचारून बघा. ते निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. ते आले, गोदामातल्या कपाटामागे हात घालून पत्र्याची एक नळी काढली. आत ट्रेसिंगच्या कापडावर पायापासून कठड्यापर्यंत सगळी मापं होती. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. ते गेल्यावर मी बराच वेळ त्या नळीकडे बघत बसले होते.

त्या दिवसापासून माझं मत बदललेलं नाही. आपत्तीनंतरचा वेग आपत्तीच्या आधी ठरतो. नकाशे हाताशी आहेत का, दर आधी ठरवून ठेवलेले कंत्राटदार आहेत का, पाइप, गर्डर (पुलाच्या आडव्या तुळया), तात्पुरत्या पुलाचे लोखंडी भाग कुठे रचून ठेवलेत, आणि जागेवरचा अभियंता वर न विचारता काय काय ठरवू शकतो, यावर सगळं असतं.

आपल्याकडे रामेश्वरमजवळच्या पांबनच्या पुलाची गोष्ट सांगतात. 1964 च्या डिसेंबरात चक्रीवादळाने समुद्रातल्या त्या रेल्वे पुलाच्या 126 गर्डर ओढून नेले. दुरुस्तीला सहा महिने धरले होते, रेल्वेच्या वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि कामावर नेमलेले तरुण अभियंता ई. श्रीधरन यांनी 46 दिवसांत पूल उभा केला. त्यांची धडाडी खरीच. पण मी ती गोष्ट वाचते तेव्हा माझं लक्ष गर्डरांकडे जातं. सगळे नवे गर्डर बनून येण्याची वाट न बघता समुद्रात पडलेले वर काढून पुन्हा बसवले. हाताशी काय आहे याचा हिशेब आधी, मागणीपत्र नंतर.

आता तुमच्या मूळ शब्दाकडे येते. ‘मनात येणं’. 17 जानेवारी 1994 च्या भूकंपात लॉस एंजेलिसचा सांता मोनिका महामार्ग तुटला. कंत्राटात 140 दिवस दिले होते. लवकर पूर्ण केलेल्या प्रत्येक दिवसाला 2 लाख डॉलर बक्षीस, उशीर झाला तर दंड. काम 66 दिवसांत झालं आणि कंत्राटदाराला 74 दिवसांचे 1 कोटी 48 लाख डॉलर जास्तीचे मिळाले. एवढं बक्षीस द्यायचं धाडस कशाच्या जोरावर झालं? रस्ता बंद राहिल्याने शहराचं रोज सुमारे 10 लाख डॉलरचं नुकसान होतं, असा आकडा समोर होता. त्या आकड्यापुढे 2 लाख लहानच.

तुमच्या मोरीचा असा आकडा कोणी काढलेलाच नाही. मोरी बंद असल्याची किंमत तुमची मुलं मोजतात आणि ती कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून ती फाइल तळाशी राहते. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. तेव्हा पुढच्या अर्जात तुम्हीच मांडा: रोज किती मुलं ओलांडतात, पाणी वाढल्याने गेल्या वर्षात शाळेचे किती दिवस बुडाले, आजारी माणसाला वळसा घालून न्यायला किती वेळ लागतो, दुधाची किंवा मालाची किती वाहनं अडतात. हजेरीपट तुमच्याच हातात आहे, त्याच्याइतका भक्कम पुरावा कोणाकडे नाही. आणि अर्जात दोन वेगळ्या मागण्या करा, तात्पुरती वाट अमुक तारखेपर्यंत, पक्की मोरी अमुक तारखेपर्यंत. एकत्र मागितलं की दोन्ही एकत्र अडकतात.

प्रश्न : पुराचं पाणी उतरून तीन आठवडे झाले. पूल दिसायला धडधाकट आहे, एक तडाही नाही. तरी बंदच. याला हलगर्जीपणा म्हणायचं नाही तर काय? (एक रिक्षाचालक)

दादा, या बाबतीत मी बंद ठेवणाऱ्यांच्या बाजूने आहे. पूर पुलाला वरून कमी आणि खालून जास्त मारतो. वेगाचं पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करून माती खरवडून नेतं. पाणी उतरताना त्याच खड्ड्यात नवा, भुसभुशीत गाळ बसतो. वरून बघणाऱ्याला नदीचा तळ जागच्या जागी दिसतो, पण पायाखाली धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. 5 एप्रिल 1987 ला न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी ओढ्यावरचा महामार्गाचा पूल असाच पाया खरवडला जाऊन पुरात कोसळला. त्यावरच्या गाड्या खाली गेल्या, दहा माणसं मेली. तोही पूल वरून धड दिसत होता.

तुमचा राग मात्र एका ठिकाणी रास्त आहे. तीन आठवड्यांत कोणी पाणबुड्या उतरवून किंवा खोली मोजून खांबांची तपासणी केली का, कोणत्या तारखेला केली, हे पुलाच्या दोन्ही टोकांना फलकावर लिहायला हवं. तपासणी चालू असल्याने बंद असणं वेगळं आणि तपासणीची वाट बघत बंद असणं वेगळं. आज जाऊन तेवढं एकच विचारा. तुमची रोजची कमाई बुडते आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : महामार्ग आणि रेल्वे लवकर दुरुस्त होतात, पण जमिनीखालच्या वाहिन्या वर्षानुवर्षं रखडतात. ज्याचा फोटो निघतो तेच काम आधी होतं, असं समजायचं का? (स्थापत्य शाखेचा विद्यार्थी)

फोटोचा मोह असतो, नाकारत नाही. उद्घाटनाची फीत पुलावर बांधता येते, गटारावर कोण बांधणार? पण तेवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही.

जपानचं बघ. 11 मार्च 2011 च्या भूकंपात तोहोकू शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या मार्गावर साधारण 1,200 ठिकाणी नुकसान झालं. 29 एप्रिलला पूर्ण मार्ग सुरू झाला, म्हणजे 49 दिवसांत. 1995 च्या कोबे भूकंपानंतर तिथे खांबांना मजबुती द्यायचं काम चालत आलं होतं, त्यामुळे खांब मोडून पडले नाहीत. आणि रूळ, खांब, तारा, गाड्या सगळं एकाच कंपनीच्या ताब्यात. आता त्याच भूकंपातला, त्याच कंपनीचा जोबान मार्ग घे. त्सुनामीने धुऊन नेलेला आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राजवळून जाणारा. तो पूर्ण सुरू व्हायला 14 मार्च 2020 उजाडला. नऊ वर्षं. अभियंते तसेच, देश तोच. पण इथे किरणोत्सर्गामुळे गावंच्या गावं रिकामी केलेली होती आणि तिथे माणसांनी परत कधी जायचं हे ठरल्याशिवाय रूळ टाकून उपयोग नव्हता. तेव्हा ‘सरकार किती कार्यक्षम’ हा प्रश्न मोघम विचारू नकोस. कामाचे मालक किती, आणि कोणाच्या निर्णयावर कोणाचं काम अडतं, हे आधी कागदावर काढ.

जमिनीखालच्या वाहिन्यांचं दुखणं हेच आहे. एका रस्त्याखाली पाणी, सांडपाणी, पावसाचं पाणी, वीज, दूरध्वनी, प्रत्येकाचा मालक वेगळा. एक खणून बुजवतो, दुसरा तोच रस्ता पुन्हा खणतो. शिवाय पुलाचं नुकसान डोळ्यांना दिसतं. वाहिनीच्या आत कॅमेरा सोडल्याशिवाय ती कुठे फुटली हेच कळत नाही.

यावर मला सर्वांत पटलेला प्रयोग न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात 185 माणसं गेली. जमिनीतली ओली वाळू चिखलासारखी वर उसळली आणि सांडपाण्याच्या वाहिन्या वाकल्या, तुटल्या, गाळाने भरल्या. हजारो घरांना तात्पुरत्या शौचालयांवर दिवस काढावे लागले. तिथे महापालिका, रस्ते-वाहतूक खातं आणि पुनर्बांधणी प्राधिकरण असे तीन मालक आणि पाच बांधकाम कंपन्या यांनी एकच आघाडी केली. एका कचेरीत एकत्र आराखडे, एकत्र वेळापत्रक. आधीचं काम ज्या कंपनीने चांगलं आणि वाजवी खर्चात केलं, तिला पुढच्या कामांत जास्त वाटा. खर्च वाढला किंवा वाचला तर तोटा आणि फायदा वाटून घ्यायचा. त्यामुळे एकाने दुसऱ्यापासून अडचण लपवण्यात कोणाचा लाभ नव्हता. तरीही हे काम पाच वर्षं चाललं, 2016 च्या अखेरपर्यंत. वाहिन्यांना वेळ लागतो तो असा, नीट केलं तरी.

एक कर. कुठल्याही पुनर्बांधणीचा अहवाल वाचताना पहिला नळ कधी सुरू झाला हे बघू नकोस, शेवटच्या घराचा नळ कधी सुरू झाला ती तारीख शोध. बहुतेक अहवालांत ती नसते. मी स्वतः लिहिलेल्या पहिल्या काही अहवालांतही ती नव्हती आणि त्याची मला आज खंत वाटते.

प्रश्न : आपत्तीच्या नावाखाली निविदेचे नियम गुंडाळले जातात आणि मर्जीतल्यांची चांदी होते. त्यापेक्षा उशीर झालेला परवडला, असं मी म्हणतो. चुकतंय का? (निवृत्त लेखापरीक्षक)

काका, अर्धं बरोबर आहे. सप्टेंबर 2017 च्या मारिया वादळाने अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाची वीज यंत्रणा झोपवली. तारा ओढायचं 30 कोटी डॉलरचं काम अशा एका लहान कंपनीला दिलं गेलं, जिच्याकडे वादळ आलं तेव्हा पूर्णवेळ माणसं दोनच होती. ओरड झाली, कंत्राट रद्द झालं. इतर वीज कंपन्यांकडून माणसं मागवायची रूढ, तयार व्यवस्था होती, ती मात्र सुरुवातीचे काही आठवडे वापरलीच नाही. सगळीकडे वीज परत यायला साधारण अकरा महिने लागले. म्हणजे नियमही गेले आणि वेळही गेला.

दुसऱ्या बाजूला जिनोआ. 14 ऑगस्ट 2018 ला तिथला मोरांडी पूल कोसळून 43 माणसं गेली. इटलीने खास कायदा करून शहराच्या महापौरांनाच विशेष आयुक्त नेमलं, नेहमीची निविदा प्रक्रिया बाजूला ठेवायचे अधिकार दिले आणि एक किलोमीटरहून लांब नवा पूल 3 ऑगस्ट 2020 ला उद्घाटनाला तयार होता. काम सुरू असतानाच कोरोनाची साथही आली होती. पण तिथे जागा एक, पूल एक, आणि साऱ्या देशाचे डोळे त्यावर रोखलेले. विखुरलेल्या चारशे मोऱ्यांवर इतके डोळे नसतात. तिथे तसेच अधिकार दिले तर तुमची भीती खरी होईल.

मी नियमांचे दोन भाग करते. जाहिरातीची मुदत, फायलीचा प्रवास, एकाच गोष्टीवर चार सह्या, हे वाट बघायला लावणारे नियम. आणीबाणीत ते खुशाल आखडावेत. मोजमापाची नोंद, साहित्याची चाचणी, कोणाला किती दिले याची जाहीर यादी, हे हिशेब ठेवायला लावणारे नियम. यांतला एकही सोडू नये. सर्वांत उत्तम म्हणजे दरांची निविदा शांत काळातच उघडून ठेवायची, वर्षभरासाठी. मग पूर आला की रात्री फोन केला तरी कोणाला, कोणत्या दराने, हे आधीच छापलेलं असतं.

आणि उशीर परवडला असं कृपा करून म्हणू नका. वरच्या पत्रातली मुलं ओढ्यातून जातायत.

काँक्रीटपुढे मात्र कोणाची घाई चालत नाही. साध्या काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांनी मोजतात, सातव्या दिवशी ती दोन तृतीयांशाच्या आसपास असते. लवकर ताकद धरणारं मिश्रण मिळतं, पण ते आधी ठरवून, चाचणी घेऊन वापरायचं असतं. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून सातव्या दिवशी आधार काढायला सांगणारे मी पाहिले आहेत. मी नाही म्हटलं, लेखी. तुमच्यासारखे लेखापरीक्षक पुढे ती नोंद वाचतील याचा तेव्हा आधार वाटला होता.

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू होते आहे. माझ्या वाट्याला लहानमोठे मिळून साठेक पूल आणि मोऱ्या येतील. पहिल्या दिवशी काय करू? (नाव नको)

अभिनंदन. पहिल्या दिवशी कचेरीत कुठला पूल कोणत्या कपाटात आहे ते बघ. नकाशे सापडतील त्यांचे फोटो काढ आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठव, त्यातलं एक ठिकाण पुराच्या पाण्याच्या वर असू दे. सापडणार नाहीत त्यांची यादी कर आणि निवृत्त झालेल्यांच्या घरी जा. चहा घे, घाई करू नकोस, त्यांना आठवायला वेळ लागतो.

मग साठही ठिकाणी जा. पाणी कमी असतानाच जा, खांबांची बुडं दिसतात तेव्हा. प्रत्येक खांबावर तळापासून ठरावीक उंचीवर रंगाची खूण कर आणि तिच्यासकट फोटो काढ, चारही बाजूंनी. पूर येऊन गेल्यावर नुकसान किती झालं हे सांगायला आधी काय होतं हे दाखवावं लागतं, आणि तो फोटो तेव्हा काढता येत नाही. जवळच्या घरातल्या एका माणसाचा नंबर घे, जो रात्री पाणी कुठवर आलं ते सांगेल. कुठल्या मोरीवरून शाळेची मुलं जातात ते त्याच वहीत लिही, आणि त्या मोऱ्या यादीत वर घे.

साठ ठिकाणं व्हायला पाच-सहा आठवडे लागतील. झालं की मला पत्र पाठव.